गळ

राजाराम बंधाऱ्यावर आम्ही पाचजणी.
सुलोचनाला स्कार्फ, मुमताजचा दंड अजून सुजलेला.
भोयांच्या फुलाक्कानं कोंबड्याचं पीस
आकड्याला बांधून माशी केली.
म्हणाली, जोर लावू नगंस,
मनगट तेवढं सैल सोड.

डावा हात खांद्याच्या वर गेला,
आठ महिन्यांनी.
दोरी पाण्यावर पडली. आवाज नाही.

इथं कुणी विचारत नाही, कितवी केमो?
विचारतात, लागलं का काय?

माझी माशी मी दोऱ्यानं नाही बांधली.
उशीवरचे केस गोळा करून
डबीत ठेवले होते,
कशाला, ते ठाऊक नव्हतं.

उन्हं कलताना हिसका बसला.
एक खवल्या. दोरी तोडून
सगळं घेऊन गेला मेला!

आम्ही हसत सुटलो,
मुमताज तर टाका धरून.