निवडणं

पहाटेचे पावणेचार. टॉडमॉर्डन. बाहेर कालवा गोठलेला,
आत एनिड ग्रीनवुड पिठाची गोणी उलटी करतेय.
अडतीस वर्षांनी तिची ही शेवटची रात्रपाळी.
ट्यूबलाइटच्या त्या आजारी उजेडात
आयएसओ बारा हजार आठशेवर नेऊन
श्वास रोखून मी एकच फोटो काढला.

घरी मोठा करून बघते तर सगळीकडे रवा.
भिंतीवर लाल-हिरवा, तिच्या गालांवर जांभळट.
ह्याला नॉइज म्हणतात. आवाज कसलाच नाही,
तरी डोळ्यांना गलका ऐकू येतो.

मग बसले निवडायला.
निवडणं म्हणजे पसंत करणंही
आणि ताटात तांदूळ पसरून खडे काढणंही.
मला दोन्ही करायचं होतं.

पहिलं सॉफ्टवेअर फुकटातलं.
त्याने पोतेरं फिरवलं.
खडे गेले, तांदूळही गेले,
उरली एनिडच्या आकाराची मेणबत्ती.

दुसऱ्याला सतरा स्लायडर.
इकडे ओढावं तर तिकडे उघडं पडतं,
आखूड गोधडीसारखं.
रंगीत ठिपके मात्र त्याने शहाण्यासारखे वेचले,
एवढं श्रेय देते.

तिसरं एकोणऐंशी पौंडांचं, चौदा दिवस चाखायला मोफत.
लाखो चेहरे पाहिलेत म्हणे त्याने.
बटण दाबलं, चहा गाळेपर्यंत झालंसुद्धा.
पापणीन् पापणी मोजून घ्यावी,
गोणीवरचं बारीक अक्षर वाचावं!
नवऱ्याला उठवणारच होते,
तेवढ्यात तिचं मनगट दिसलं.
ओव्हनच्या दाराने दिलेला तो डाग,
वालाच्या शेंगेएवढा,
नाही. नितळ, कोरी कातडी.
आणि हवेत उडालेलं पीठ?
तेही नाही. गोणी उलटी, हात पसरलेले,
आणि हवा अशी लख्ख
की जणू तिथे कुणी काम करतच नाहीये.

गव्हाबरोबर किडे रगडले जातात, ठाऊक होतं.
किड्यांबरोबर गहू वेचून फेकलेला
पहिल्यांदाच पाहिला.

त्याला तरी काय बोल लावू?
चारशे टक्क्यांवर नेऊन मीच बसले होते
नाक स्क्रीनला टेकवून.
हा कण सेन्सरचा, हा पिठाचा,
हा... हा कुणाचा?
कळेना.

शेवटी दुसऱ्याकडेच परतले. रंगीत ठिपके काढले,
मोठा स्लायडर अठरावर सोडून दिला.
भिंत खरखरीत राहिली. राहू दे.

शनिवारी प्रिंट घेऊन तिच्या घरी गेले.
घरीही ॲप्रन होताच.
एनिडने चष्मा शोधला,
ॲप्रनच्या टोकाने फोटो पुसला,
पुन्हा पुसला,
म्हणाली, "निघत नाही गं हे पीठ."
मग मनगटावर बोट ठेवलं.
"सत्त्याऐंशी साल. नाताळचा आदला दिवस,"
आणि त्या रात्री किती पाव करपले
ते आठवत बसली.
साठ.
नाही, थांब, सत्तर.