काजळीवरची रेघ

प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी
हेडाऊ ड्रमवर चकचकीत कागद चढवायचे,
खाली धुरकट ज्योत धरून फिरवत राहायचे,
घाई न करता,
तांडापेठेतल्या मागावर बसून मोठा झालेला माणूस.
काळा रंग सारखा बसला की म्हणायचे,
"घ्या जी. आता बेंडूक लिहील."

बेडूक लिहायचा.
म्हणजे त्याची पोटरी, रिंगरच्या द्रावणात ओली,
आणि तिला लोंबता पांढरा मज्जातंतू.
मी कळ दाबायची.
कळ दाबणं आणि तरफ उचलणं यांच्यामध्ये
सेकंदाचा शंभरावा भाग
काहीच घडायचं नाही.
त्याला विलंबकाळ म्हणतात. दोन मार्क.
मी तो कंपासनं मोजला.

मग क्युरारी.
तंतूला झटका दिला, रेघ सपाट.
थेट स्नायूला दिला, उडाला!
"दोघंही जिवंत आहेत," सर म्हणाले,
"मग बिघडलंय काय?"
चाळीस पोरं गप्प.
मागून, ट्रे धुता धुता, हेडाऊ पुटपुटले,
"धोटा जाते जी.
पल्याड झेलाले हात नाई."

बावीस वर्षांनी, मे महिना,
मेडिकलच्या ओपीडीत कूलरला पाणी नाही,
आणि समोर हेडाऊ, मान वर करून बघणारे,
कारण डावी पापणी अर्ध्यावर.
"सकाळी बरा असते हा डोया.
दुपारी शटर पडते."

मोजा, म्हटलं, पन्नासपर्यंत, मोठ्यानं.
विसापर्यंत तोच प्रयोगशाळेतला आवाज.
तिसाला नाकात गेला.
सदतीस म्हणताना
मला तो कागद दिसला:
एक उंच रेघ, तिच्या शेजारी जरा बुटकी,
मग बुटकी, मग बुटकी,
थकव्याचा आलेख.
"पुरे," मी म्हटलं.
ते अडतीस म्हणालेच.

फाटकाबाहेरच्या रसवंतीतून बर्फ मागवला,
माझ्या रुमालात गुंडाळून पापणीवर धरला.
दोन मिनिटं.
माझी बोटं बधिर, त्यांच्या गालावरून पाणी,
सून घड्याळ बघतेय.
रुमाल काढला.
पापणी वर. चार मिलिमीटर.
त्यांनी खिडकीतून रस्त्यावरच्या रिक्षा मोजल्या,
पाच, आणि हसले,
हसणं मात्र अर्ध्यातच थांबलं.

चिठ्ठीवर गोळी लिहिली, दिवसातून चारदा.
"काय करते ही?"
फेकलेला धोटा, मी म्हटलं,
जरा जास्त वेळ हवेत ठेवते.
"अन् हात?"
हात कमीच आहेत, काका.

आता बेडूक नसतात. पोरं संगणकावर क्लिक करतात,
तिथला बेडूक कधी थकत नाही.
माझा कागद कपाटात आहे, राळेत बुडवून पक्का केलेला.
कोपऱ्यात काजळी उमटायच्या आधीच
कुणीतरी तो उचलल्याची खूण:
अंगठ्याचा ठसा, स्वच्छ, पांढरा.
त्यापायी माझा अर्धा मार्क गेला होता.