शेपूट

सगळ्यांच्या मागं राहायचं, एवढंच काम.
निनादनं त्याला कसलंसं इंग्रजी नाव दिलंय,
मी शेपूट म्हणतो.
पाठीवर पंप, खिशात सोल्युशनची ट्यूब, पान्यांची गुंडाळी,
आणि नियम एकच : शौकत मुलाणीच्या मागं कुणी नाही.

निनाद दोन वर्षं आयर्लंडात होता.
तिकडं म्हणे माणसं पैसे भरून खेड्यांतून सायकलवर हिंडतात,
सामान गाडीतून पुढं, माणूस मागून रमतगमत,
दोन्ही बाजूंना बिनचुन्याच्या दगडी पौळी
आणि मेंढ्या रस्ता अडवून उभ्या.
मी म्हटलं, पौळी आहेत आपल्याकडं, जरा ढासळलेल्या.
मेंढ्यांचं बघू.
तो हसला, आणि पोवई नाक्यावरचं माझं दुकान
महिन्यातले चार दिवस बंद राहू लागलं.

आज अकरा जण. यवतेश्वरचा घाट. नोव्हेंबर.
कासची फुलं संपली, फुलांची गर्दीही,
पठार आता कुणासाठी नटलेलं नाही.
दहा जण वळणाआड गेले.
अकराव्या आवटीबाई,
मिरजेच्या बँकेतून कॅशियर म्हणून रिटायर, वय एकसष्ट,
सायकल शिकल्या त्या गेल्या वर्षी,
शाळेच्या मैदानावर, पहाटे, कुणी बघू नये म्हणून.

टेम्पोतून वाकून ड्रायव्हर विचारतो, घेऊ का वर?
बाई मान हलवतात.
उतरतात, ढकलतात, पुन्हा बसतात, पुन्हा उतरतात.
मीही उतरतो. सायकल हातात धरून चालतो, बोलत नाही.
घाटात माणसाला सोबत लागते, सल्ला नको.

एका वळणावर त्या थांबल्या.
खाली सातारा, काडेपेट्या सांडल्यासारखा.
श्वास जागेवर आल्यावर म्हणाल्या,
"मी चढायला आलेच नाहीये, शौकतभाई.
पाय थांबवले की चाकात ती टिकटिक होते ना,
ती ऐकायला आलेय.
मिरज सपाट. तिथं ती पुरत नाही."

तीस वर्षं फ्रीव्हील खोलतोय मी.
काळं ग्रीस, छर्रे, आत दोन इवलीशी कुत्री,
दात्यावरून घसरताना तीच भुंकतात.
कुणी ऐकायला येईल, वाटलं नव्हतं.

कासच्या पुढं, बामणोलीच्या उतारापाशी
मी त्यांचा ब्रेक दाबून पाहिला.
मागचं रबर संपून लोखंड लागत होतं,
पुढची केबल दोन तारांवर.
सुटे भाग टेम्पोत, टेम्पो खाली, रेंज कुठंच नाही.
म्हटलं, बाई, तुमची सीट कुरकुरते,
माझी सायकल घ्या, मी जरा बघतो हिला.

सुटल्या.
आधी घाबरत, मग जरा कमी घाबरत,
मग पदर खोचलेल्या पोरीसारख्या.
त्यांच्या चाकाची टिकटिक एकसंध झाली, कापड फाडावं तशी,
झाडांच्या फटीतून शिवसागराचं पाणी दिसे, लपे,
आणि मागं मी,
चपलेची टाच मागच्या टायरवर रेटून,
सातवीत असताना रेटायचो तशी,
जळक्या रबराचा वास नाकात घेऊन.

शेवटून दुसऱ्या वळणावर म्हशी.
ढेब्यांच्या, सात-आठ, रस्ता आपल्या नावावर असल्यासारख्या.
बाई थांबल्या, अगदी पुस्तकात लिहिल्यागत.
मी कारवीत.
म्हशींनी बघितलं आणि रवंथ चालू ठेवलं.
"हेच ते आयर्लंड का?" बाईंनी विचारलं,
आणि हसून हसून त्यांना सायकल आडवी ठेवावी लागली.

संध्याकाळी बामणोलीत, पाण्याकाठी, लाँचा बांधलेल्या.
मी नवं रबर बसवतोय, बाई टॉर्च धरून बसल्यात.
उजेड हळूहळू हातावरून घसरला,
माझ्या उजव्या चपलेवर येऊन थांबला.
टाचेला बोटभर खाच.
बराच वेळ काही नाही.
मग कॅशियरच्या आवाजात, "चपलेचे किती?"

मी सायकल उलटी केली,
चाकाला एक जोरात हिसका दिला
आणि हात काढून घेतला.
टॉर्च त्यांनी आपणहून विझवली.