रकाने

शेजारच्या नाकाशिमाबाईंना नवा फोन लावून देत होतो.
दवाखान्याचं अ‍ॅप: नाव, जन्मगाव, वंश, घरात माणसं किती.
दाबा हो, म्हटलं, आपल्याला कुठं काय लपवायचंय?
एक्याण्णव वर्षांचं बोट काचेवर अधांतरी राहिलं.
“कोण वाचतं हे?”
कंपनी, म्हटलं.
“आज,” त्या म्हणाल्या.

मग पर्सिमन सोलत, हवापाण्याचं बोलावं तसं:
शिरगणतीचा माणूस आला होता, सन चाळीसच्या वसंतात,
डेल्टाच्या बांधावरून, बूट चिखलात.
टोपी काढून उंबऱ्याशी उभा.
आईनं चहा दिला, सगळं खरं सांगितलं,
खोटं सांगायला कारणच नव्हतं.
मुलं चार. धाकटी मी, सहा वर्षांची.
त्यानं पेन्सिलीला टोक केलं
आमच्याच सुरीनं.

दोन वर्षांनी दुसरी माणसं आली.
त्यांनी फार काही विचारलं नाही.
कुठल्या गल्लीत आमच्यातले किती
ते कुठंतरी मोजून झालेलं होतं.
उन्हाळा जत्रेच्या मैदानावर काढला, घोड्यांच्या ठाणात.
चुना वरवर मारलेला,
वास खालून यायचा.
“तो पेन्सिलवाला भला होता हं.”
हे त्या दोनदा म्हणाल्या.
फोडी माझ्याकडे सरकवल्या.

घरी आलो. मी मंडळाचा चिटणीस.
कोजागिरीची यादी माझ्याच लॅपटॉपवर,
स्टॉकटन, लोडाय, ट्रेसी मिळून एकशे बारा घरं:
नाव, पत्ता, मुलांची शाळा, मसाला दुधाचे पेले किती,
आणि अगदी शेवटी
व्हिसाचा प्रकार.
कुणी घातला हा रकाना, कशासाठी?
अक्षरवळण नसतं टाइप केलेल्याला, नाहीतर
ओळखलं असतं स्वतःला.
ज्याच्याकडे लिंक, त्याला सगळं दिसतं.
झाकली मूठ म्हणे सव्वा लाखाची.
इथं एकशे बारा मुठी
मी उघडून ठेवल्यात, बोटं सरळ करून.

रकाना निवडला. यंत्र विचारतं, नक्की?
जुन्या प्रती कुणाकुणाकडे असतील, देव जाणे,
आणि देवच जाणत असता तर बरं होतं.
पत्ते पुसले.
टिपणीसांच्या इराची शाळा पुसली.
मागून बायको: अरे, मग दूध किती आणायचं
ते कसं कळणार?
पेले ठेवलेत, म्हटलं.
दोनशे सत्याऐंशी पेले.