ग्रॅनाइटच्या घरात

मंगळवारपासून कॉम्प्युटर चिखलातून चालल्यासारखा चालतोय.
मी 'अ' दाबते, चहाचं आधण ठेवून येते,
परत येते तेव्हा 'अ' उमटलेला असतो
जरासा ओशाळून.

अभिराम समुद्रात, तेलाच्या फलाटावर, अजून नऊ दिवस.
फोनवर त्याचा आवाज एक श्वास मागून येतो.
"व्हायरस बघ." बघितला. नाही.
"मेमरी?" रग्गड आहे.
"मग म्हातारा झाला असेल गं."
तीन वर्षांत कोण म्हातारं होतं, मी विचारते,
आणि प्रश्न तिकडे पोचेस्तोवर
दोघंही गप्प.

काल वैतागून त्याच्या कडेचं वायरलेसचं बटण बंद केलं
आणि काय सांगू,
माउसचा बाण दावं सुटलेल्या वासरासारखा उधळला!
बेकरीचे हिशोब पटापट उघडले,
मैदा, लोणी, शनिवारच्या चारशे बटऱ्या,
बेरजा आपल्या आपण जुळत गेल्या.
बटण पुन्हा चालू. पुन्हा चिखल.

म्हणजे तो मंद नव्हता.
हातातली कामं टाकून
भिंतीला कान लावून बसला होता.

भिंत मात्र ॲबर्डीनची. दीड हात ग्रॅनाइट,
ऊन पडलं की चमचम करणारा,
आतून मख्ख.
राउटर खाली दाराशी, मी माळ्यावर,
मधे दोन मजले दगड, आणि पलीकडून
इशबेलबाईंचा राउटर त्याच सहा नंबरच्या चॅनलवर.
दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं दार वाजवलं.
"चॅनल?" त्या म्हणाल्या, "मी बाई दोन नंबरचा लावते,
त्यावर बागकाम असतं."
मग बिस्किटं आली. पाऊण तास गेला.
सहाचा अकरा मीच केला, आमच्या घरी येऊन.
थोडा फरक पडला. थोडाच.

रात्री जुन्या नेटवर्कांची यादी सापडली.
जिथे जिथे एकदा जोडला गेला ते सगळं त्याने जपून ठेवलेलं :
दोहा विमानतळ.
ग्लासगोचं ते हॉटेल, जिथल्या उशा दमट होत्या.
कोल्हापूरच्या मावशीचं 'वरचा मजला'.
वॉर्ड अकरा, पाहुण्यांसाठी.
प्रत्येकापुढे एकच बटण : विसरा.
मी वरून खाली दाबत गेले.
वॉर्ड अकरापाशी बोट थांबलं,
मग तेही दाबलं.
वाटलं, आता हलका होईल.
काडीचा फरक नाही.
आठवणींचं ओझं वगैरे मशीनला नसतं,
एवढं एक कळलं.

शेवटी जॉर्ज स्ट्रीटवरून वीस मीटर निळी केबल आणली.
दारापासून जिन्याच्या कडेने, कठड्याला दोन पीळ,
बाथरूमच्या उंबऱ्यावरून, वर माळ्यात.
खिळे संपले म्हणून शेवटची पायरी तशीच राहिली.
वायरलेस बंद. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा.
दोन महिन्यांचे हिशोब एका दुपारी हातावेगळे केले
आणि उरलेल्या वेळात काय करावं सुचेना.

शुक्रवारी अभिराम आला,
खांद्यावर बॅग, अंगाला डिझेलचा वास,
"झाला का गं फास्ट?" असं विचारत जिना चढू लागला
आणि पाय निळ्या केबलमध्ये.

पडता पडता जो शब्द त्याने उच्चारला
तो इथे लिहीत नाही.
पण अस्सल मराठी होता
आणि एका क्षणाचाही उशीर न होता
थेट माझ्यापर्यंत पोचला.