शेताचं नाव

चिखलीच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं पुस्तक
पाद्री एलेउतेरियोंनी उघडलं
ओला पापड उचलावा तसं.
१८९३. बाप: उलाव, खलाशी, नॉर्वे.
पुढचा शब्द वाळवीने खाल्लेला.

बर्गनहून इंगेबोर्गबाईंचं पत्र आलं:
तो शब्द शेताचा असणार.
आमच्याकडे माणूस ज्या शेतावर राहतो
तेच त्याचं आडनाव,
शेत बदललं की तेही बदलतं.
नुसते उलाव इथे शेकड्यांनी आहेत.

उन्हात सोलवटणारं हे नाक त्याचंच.
आई खोबरेल लावायची,
काजूच्या दिवसांत तर दोनदा.

उत्तर लिहायला तीन दिवस लागले.
बाई, तो बोटीवर परतलाच नाही.
मुरगावात कोळसा वाहिला,
पंथ वेगळा म्हणून
कुंपणाबाहेर पुरलाय, फणसाखाली.
तुमच्याच रिवाजाने लिहून घ्या:
उलाव चिखलीकर.