तीन नंबर

प्लग मीच बदलले, चारही,
पारोळ्याला, अंगणात, सकाळी सहाला,
आठनंतर बॉनेटवर पापड भाजावा असं ऊन.
जुना फिल्टर आपटला तर त्यातून
धुळ्यापासून एरंडोलपर्यंतचा हायवे खाली पडला.
नवा बसवला. हात पुसले. किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली, पण लंगडत.
तीन पावलं जमिनीवर, एक हवेत.
डॅशबोर्डवर इंजिनाचं ते पिवळं चित्र,
लहान मुलानं काढलेल्या किटलीसारखं.
"कालदिन ते बरी व्हती," द्वारका म्हणाली.
हेच तर.
कालपर्यंत बरी होती.

नरडाण्याच्या भाच्याने निळी डबी आणली,
स्टिअरिंगखाली खोचली, मोबाइलवर आकडा आला:
पी शून्य तीन शून्य तीन.
म्हणजे तीन नंबरचं सिलिंडर पेट चुकवतंय.
आकडा पुसला.
तामसवाडीच्या फाट्यापर्यंत गेलो नाही
तोच किटली परत चुलीवर.

मग तिसऱ्याची कॉइल दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला.
दोष कॉइलचा असेल तर तिच्यामागे जाईल.
गेला नाही.
प्लगची अदलाबदल केली. तरी तीनच.
सुपडू मिस्तरी आला, कॉम्प्रेशन मोजलं,
चारही घरं सारखी भरली.
लांब स्क्रूड्रायव्हर इंजेक्टरवर टेकवून
मुठीला कान लावून बसला, डोळे मिटून.
"पेट्रोल जाई ऱ्हायनं," म्हणाला.
चहा प्याला, पैसे घेतले नाहीत.
मिस्तरी पैसे घेत नाही
तेव्हा माणसाला झोप लागत नाही.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात लाइनमन होतो.
चोपडा, धरणगाव, शिंदखेडा.
खांबावर चढून, पट्ट्यावर रेलून
पलीकडच्याला विचारायचो: येतो का आवाज?
रात्री बाजेवर पडून
सकाळचे हात पुन्हा एकदा चालवले, उलटे.
फिल्टर. चौथा प्लग.
तिसरा.
तिसऱ्याचं कनेक्टर अडलं होतं.
कळ उन्हाने धरली होती, दबत नव्हती,
आणि मी
तार धरून ओढली.

तार धरून ओढायची नाही, कळ दाबायची,
हे मी प्रत्येक नव्या पोराला शिकवलं.
पितांबरला तर धरणगावला, चौकात, चार माणसांत बोललो होतो.
त्याने ओढली होती तशीच.
तो खांबामागे जाऊन तोंड धुऊन आला होता
आणि त्या दिवशी डबा उघडला नव्हता.

उजाडायच्या आत द्वारकाला गाडीत बसवलं,
इंजिन चालू, टॉर्च दातांत,
तिसरी तार दोन बोटांत, हळूच वाकवली.
तिला म्हटलं, चाल ऐक आणि सांग.
"गयी."
इकडे वाकवली.
"उनी."
तिकडे.
"गयी. उनी. गयी."
वरची कातडी अखंड, काळी, चकचकीत.
आत तांब्याची दोन टोकं
कधी भेटत होती, कधी नव्हती.

खात्याचा जुना सोल्डर अजून तापतो.
राळेचा वास आला, अंगणभर ऑफिस पसरलं.
जोड दिला, नळी चढवली, किल्ली फिरवली.
चार पावलं. चारही जमिनीवर.

"दिवा ते शे अजून," द्वारका म्हणाली.
असू दे. भाच्याला बोलावलं नाही.
त्याची खात्री पटेपर्यंत जळू दे म्हटलं.
तिसऱ्या दिवशी बहादरपूरहून येताना
ती खिडकीबाहेर बघत बसली होती,
मीच एकदा खाली पाहिलं
तर दिवा नव्हता.

गाडी लिंबाखाली घेतली.
नंबर डायरीतून शोधला, जळगावचा.
पितांबर आता साहेब झालाय, नातवंडं आहेत.
"बोला दादा," म्हणाला, "इतक्या वर्षांनी? काय काम काढलं?"
तोंडात सगळं होतं, धरणगाव, चौक, डबा.
"काही नाही रे," म्हटलं,
"आवाज येतो का, बघत होतो."